चालून दाखव

हळदीकुंकवाला बायका पाच वाजता येणार होत्या, आणि हे पद्मिनीला साडेतीनला कळलं.

तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. मागच्या खोलीच्या बंद दारातून आधी बैठकीतल्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, मग सतरंजी झटकल्याचा, आणि मग शेजारच्या पंचफुलेला आईनं दिलेली हाक, "लाडू चाळीस तरी पाह्यजे वं, कमी नको पडाले." पद्मिनी अठरा वर्षं शाळेत गणित शिकवत होती. एकीला दोन लाडू धरले तरी वीस बायका. आणि जानेवारीतल्या आदिलाबादेत तर दर दुसऱ्या घरात कुणी ना कुणी खोकत होतं.

समोरच्या भिंतीवर विनोदिनी वहिनीच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. मॉस्कोच्या डॉक्टरांनी निघताना दिलेले नियम तिनं दुभाषी मुलीकडून दोनदा समजून घेऊन मराठीत उतरवले होते. नव्वद दिवस गर्दी नाही. ताजी फुलं नाहीत. कच्चं, न शिजवलेलं काही नाही. सर्दी-खोकल्याचं माणूस खोलीत नाही. आज पंचेचाळिसावा दिवस होता. पद्मिनीच्याच रक्तातल्या मूळपेशी आधी काढून ठेवल्या होत्या, मग औषधांनी तिच्या अंगातली सगळी प्रतिकारशक्ती पुसून टाकली होती, आणि मग त्याच पेशी पुन्हा सोडल्या होत्या. ती प्रतिकारशक्ती सात वर्षं तिच्याच मज्जातंतूंची आवरणं कुरतडत होती. डॉक्टर याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणत, घरात एमेस म्हणत आणि गल्लीत नुसतं लकवा म्हणत. आता अंगात जे नवं तयार होत होतं ते तान्ह्या बाळाइतकंच कच्चं होतं, आणि त्याच्या भेटीला वीस बायका येत होत्या.

दार ढकलून आई आत आली. कौशल्याबाईंच्या हातात घडी घातलेली काळी साडी होती, अंबाड्यावर शेवंतीची वेणी होती आणि तोंडाला मास्क नव्हता.

"आई, मास्क. आणि ती वेणी काढ."

कौशल्याबाईंनी वेणी काढली आणि खिडकीत ठेवली.

"खिडकीत नाही. बाहेर."

"एवढ्याशा फुलानं काय होते?" असं म्हणत त्यांनी वेणी पदरात गुंडाळली, म्हणजे ती खोलीतच राहिली. कोपऱ्यातल्या स्टुलावर थर्मामीटर पुसत बसलेल्या विनोदिनीनं उठून ती वेणी पदरातून काढून घेतली, दाराबाहेर ठेवली आणि सासूच्या हाती मास्क दिला. तो त्यांनी हनुवटीवर लावला.

"किती बायका बोलावल्यास?" पद्मिनीनं विचारलं.

"म्या कुठं बोलावल्या? दरसालच्या आहेत त्या."

"दरसाल दहा असतात."

"यंदा तुले पाह्यले येऊन राह्यल्या. महिनाभर देवाजवळ बसल्या तुह्यासाठी. त्याहिले काय दारातून परत पाठवू?" आईनं साडी पलंगावर ठेवली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ आवाज पद्मिनीला भांडणाच्या आवाजाहून जास्त ठाऊक होता. "हे पाह्य, जास्त काई नाई. त्या बसल्या की तू या दारातून सोफ्यापर्यंत ये. बस मंग परत जा. दहा पावलं तं हायेत, मी मोजली सकाळी."

"चाकाची खुर्ची ढकलत आणायची म्हणतेस?"

"खुर्ची नको. चालत."

पद्मिनी आईकडे बघत राहिली. "आई, मी चालत नाही."

"घरी आल्यापासून नाई चालली. प्रवासाचा थकवा असते, मी काई म्हणलं का? पण तिथं तं चालत होती. दवाखान्याच्या वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत."

"मी?"

"मंग कोण? काय वं विनोदिनी, तूच नाई का सांगे फोनवर?"

विनोदिनी थर्मामीटर पुसत होती. तो पुसून कधीच झाला होता. "आत्याबाई," ती खाली बघत म्हणाली, "गॅसवर दूध ठेवलं होतं मी. पाह्यता का जरा?"

कौशल्याबाई दूध बघायला गेल्या. पद्मिनीनं दार लागेपर्यंत वाट पाहिली.

"वहिनी."

"हो."

"वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत?"

विनोदिनी स्टुलावर बसली. बारा वर्षं दोघी एका घरात होत्या, आणि त्या बारा वर्षांत नणंद-भावजयीचं बोलणं म्हणजे पाण्याची मोटार लावली का, गवळी आला का, एवढंच होतं. मग ऐन वेळी भावाची, म्हणजे शरदचंद्राची, सुट्टी नामंजूर झाली, आणि नागपूर-तिरुपतीपलीकडे न गेलेल्या विनोदिनीला मॉस्कोच्या बर्फात उतरावं लागलं. तिथं एका खोलीत तिनं पद्मिनीच्या तोंडापुढं भांडं धरलं, तिचे केस गळायला लागले तेव्हा मशीननं डोकं भादरून दिलं, आणि ती रडायला लागल्यावर "उगी, वाढतात" म्हणाली. आता या घरात पद्मिनीचा कुणावर भरवसा असेल तर तो हिच्यावर होता. म्हणूनच तिला इतका संताप आला.

"तुमाले ताप चढला होता त्या दिवशीची गोष्ट हाय," विनोदिनी सांगू लागली. "आत्याबाईचा फोन आला. दोन दिवसापासून जेवल्या नव्हत्या. रडून राह्यल्या होत्या. मी म्हणलं, आज चार पावलं चालल्या. त्या उठल्या अन् जेवल्या. मले वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आज किती? आता चारच कसे सांगू?"

"म्हणून वाढवली."

"दोन-दोननं."

"रोज?"

"एखाद्या दिवशी नाई वाढवली. खरं वाटावं म्हणून."

पद्मिनीनं डोळे मिटले. "आणि टोकाला पोचल्यावर काय करणार होता?"

"तवा भीती वाटली मले. पण मंग आपलं तिकीटच आलं."

एरवी पद्मिनी हसली असती. पण दाराबाहेर बायकांसाठी सतरंजी अंथरून झाली होती. "वहिनी, मी तिथं काय करायला गेले होते ते तुम्हाला तरी माहीत होतं. माझ्याशेजारी बसून ऐकलं तुम्ही. दुखणं थांबवतात, गेलेलं परत आणत नाहीत. आता मी नुसती बरी राहिले तरी या घरात नापास."

विनोदिनीनं थर्मामीटर डबीत ठेवून दिला.

साडेचारला शरदचंद्र आला आणि दार उघडायला गेलेली विनोदिनी त्याच्यासोबतच आत आली. शनिवार म्हणून तो पाटबंधारे खात्याच्या ऑफिसातून लवकर निघाला होता. त्यानं मास्क लावला, हात धुतले, आणि मग खिशातून चार छापील कागद काढले.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "विनोदिनीनं सांगितलं आत्ता. घाबरू नको. हे पाहा, दुसऱ्या एका देशात दवाखाना आहे, ते मज्जातंतू नव्यानं तयार करतात म्हणे. मी त्यांना लिहिलं पण."

"कधी लिहिलंस?"

"मंगळवारी."

"म्हणजे मी चालत नाही हे तुला मंगळवारीच माहीत होतं."

"माहीत नव्हतं. पण इंजिनिअरनं दुसरी सोय ठेवावी."

"दादा, जायच्या आधी इथंच, याच खोलीत, स्काइपवर त्या डॉक्टरनं तुझ्यासमोर सांगितलं. आम्ही आजार थांबवायचा प्रयत्न करतो. पाय परत येतील असं धरून येऊ नका. तू मान हलवलीस."

"ते त्यांना कायद्यानं बोलावंच लागतं."

पद्मिनीला वाटलं, हातात असतं ते फेकून मारावं. हातात काही नव्हतं. डावा हात तर दोन वर्षांपासून मांडीवर ठेवला तसाच राहत होता. गेल्या पावसाळ्यात उजव्याची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तेव्हा तिनं मॉस्कोचा हट्ट धरला होता. पायांसाठी नाही. पायांचं दुःख तिनं केव्हाच करून टाकलं होतं.

"मग फेल झालं म्हणायचं का?" शरदचंद्रानं विचारलं. तो रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. "एवढ्या लांब गेलीस. खुर्चीत गेलीस, खुर्चीतच आलीस. लोक विचारतात तर मी काय सांगू?"

"लोकांना माझ्याकडं पाठव."

"मास्क लावून का?"

तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी शिंकलं. तिघंही दचकले.

खिडकीपासून चांगलं दहा हात लांब, पेरूच्या झाडाखाली चंपतराव काकाजी उभे होते. बेला या आपल्या गावाहून मोटारसायकलवर आले होते. कानाला मफलर होता आणि हातात हुरड्याची पिशवी.

"काकाजी, हुरडा आत नाही आणायचा," विनोदिनी खिडकीतून म्हणाली.

"माह्यीत हाय. पोरीसाठी नाई, तुमच्यासाठी हाय. मले पडसं झालं, मी इथूनच बोलतो." त्यांनी पिशवी झाडाला टांगली आणि उकिडवे बसले.

भिंतीवरचा नियम न वाचता पाळणारा, आज दिवसभरातला पहिला माणूस. पद्मिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कायचं भांडण चालू हाय?"

"मी फेल झाले म्हणतात," ती म्हणाली.

"कायमधी फेल झाली?"

"चालण्यात."

चंपतरावांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "मले एक सांग पद्मा. तू तिकडं कायले गेली होती? म्हणजे तुह्या मनानं."

हा प्रश्न जायच्या आधी कुणी विचारला नव्हता, आल्यावर तर नाहीच. जो तो ती का गेली हे आपल्या मनाशी ठरवून बसला होता.

"हा उजवा हात आहे ना काकाजी, तो राहावा म्हणून. आणि डोळे. आणि बोलणं. पाय जायचे होते ते गेले. उरलेलं घरात ठेवायचं होतं."

"मंग थांबलं का?"

"माहीत नाही. जूनमध्ये मेंदूचा फोटो काढायचा आहे, तेव्हा कळेल. पण नोव्हेंबरपासून तिसरं बोट बधिर झालं नाही."

"म्हंजे फवारणी झाली. अळी मेली का नाई ते बाकी हाय."

"हो."

"अन् हे लोक अळीनं खाल्लेलं बोंड परत मागून राह्यले." चंपतरावांनी शरदचंद्राकडे पाहिलं. "काय रे शरद, बापाच्या घरचा कापूस पाह्यला नाई का तू?"

शरदचंद्रानं कागदांची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली.

"भाऊजी, तुमी तिच्याच बाजूनं बोला." दारातून आवाज आला. कौशल्याबाई केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. मास्क या खेपेला नाकावर होता. "अन् माह्या नवसाचं काय?"

"कोणता नवस?" पद्मिनीनं विचारलं.

आई एका दमात बोलली, "माहूरच्या रेणुकेले बोलली मी. पोरगी बरी होऊन आली तं सगळ्या पायऱ्या सोताच्या पायानं चढून ओटी भरीन."

"कुणाच्या पायानं?"

"तुह्या."

"मला विचारून बोललीस?"

"देवीले विचारून बोलली."

"आई, पाय माझे आहेत," पद्मिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायलाही जीव लागतो, आणि तिचा जीव आज दुपारपासून या एकाच गोष्टीत खर्च होत होता. "तू दादाला बोल, काकाजींना बोल, देवीला बोल. माझ्या पायांवर कुणी काही बोलायचं नाही. सात वर्षं मी ते उचलून इकडून तिकडं ठेवते, मला विचारा ते कसे आहेत."

"म्हंजे मी पापी," आई म्हणाली, आणि बाहेरून फाटकाची कडी वाजली. बायका यायला लागल्या होत्या. कौशल्याबाईंनी डोळे पुसले, मास्क काढून कमरेला खोचला आणि गेल्या. शरदचंद्र मागच्या दारानं काकाजींपाशी गेला. घरात बायका आल्या की तो नेहमी मागच्या दारानं जात असे.

दार पूर्ण लागलं नव्हतं. दोघी ऐकत बसल्या. बांगड्या वाजल्या, तिळगुळाचा वास आला, नावं घेऊन झाली. मग कुणीतरी विचारलं, "अन् पद्मिनी? निजली का?"

"निजली," आईचा आवाज आला. "थकली हाय नं. काल अंगणात फिरली जरा जास्त."

विनोदिनीनं कपाळावर हात मारला.

"अंगणात? चालून?"

"मंग. तुळशीपर्यंत."

"पाहा," पद्मिनी म्हणाली. "मॉस्कोचा वऱ्हांडा संपला, आता आदिलाबादचं अंगण सुरू झालं. उन्हाळ्यापर्यंत मी बेल्याला पोचते."

विनोदिनी उठली. "मी सांगते. खोटं माह्यं हाय."

"तुम्ही सांगितलं तर तुमचं नि आईचं भांडण होईल आणि मी तिथंच राहीन. दार उघडा. मला उंबऱ्यापर्यंत न्या. पलीकडं नाही."

"नव्वद दिवस झाले नाईत."

"उंबऱ्यापासून सोफा दहा पावलं आहे. आईनं मोजलंय."

विनोदिनीनं तिला दुसरा मास्क लावला, पहिल्यावर. टोपी नीट केली. मग दार उघडून खुर्ची उंबऱ्याशी लावली आणि स्वतः पुढं, बैठकीच्या बाजूला, दोन्ही हात चौकटीला टेकवून उभी राहिली. तिच्या काखेखालून पद्मिनीला बैठक दिसत होती. वीस नव्हत्या, सव्वीस होत्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आईच्या हातात कुंकवाचा करंडा होता.

"नमस्कार," पद्मिनी म्हणाली. दोन मास्कांमधून आवाज घोगरा येत होता, म्हणून ती वर्गात बोलायची तसं सावकाश बोलली. "मी झोपलेली नाही. मी अंगणातही गेलेली नाही. मी चालत नाही आणि बहुतेक चालणारही नाही. दुखणं वाढू नये म्हणून मी गेले होते. ते थांबलं का, हे जूनमध्ये कळेल. तोवर माझ्याजवळ यायचं नाही. राग मानू नका. सर्दीनंसुद्धा मी जाऊ शकते."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मंग एवढं रशियाले जाऊन..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. ते वाक्य पद्मिनी मरेपर्यंत ऐकणार होती, हे तिला तेव्हाच कळलं.

मग सगळ्यांत म्हाताऱ्या मथुराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "आमाले कोणी सांगतलंच नाई, जवळ जाऊ नये म्हणून," त्या कौशल्याबाईंना म्हणाल्या. "मले कालपासून घसा हाय. मी तं आली नसती ना बाई." त्यांनी पदर नाकाला लावला आणि चपला शोधायला लागल्या. त्यांच्यामागं अजून सात-आठ जणी उठल्या. पंधरा मिनिटांत बैठक रिकामी झाली. चाळीस लाडवांतले एकतीस उरले.

आईनं करंडा झाकला, सतरंजी स्वतःच गुंडाळली आणि तीन दिवस पद्मिनीशी एक शब्द बोलली नाही. जेवण विनोदिनीच्या हाती यायचं. ते गरम असायचं, शिजवलेलं असायचं, आणि ताट उकळत्या पाण्यातून काढलेलं असायचं, म्हणजे भिंतीवरचा कागद कुणीतरी वाचला होता. पण शब्द नाही. विनोदिनीशीही आई बोलत नव्हती. "बरं झालं," विनोदिनी म्हणायची, "आता तरी फोन नाई करणार." पण तीही मनातून खचली होती. दोघी दिवसभर एकमेकींवर चिडत राहिल्या, तापमान लिहून ठेवण्यावरून, खिडकी उघडण्यावरून.

बुधवारी संध्याकाळी शरदचंद्र उशिरा घरी आला. बुटांना काळी माती लागली होती. हात धुऊन, मास्क लावून तो पद्मिनीच्या खोलीत आला आणि खिशातून कागद काढला. पद्मिनीला वाटलं, आणखी एखादा देश.

तो हातानं काढलेला नकाशा होता.

"बेल्याला, तुझ्या शाळेत गेलो होतो," तो म्हणाला. "काकाजींना घेऊन. हेडमास्तर होते. जूनमध्ये रुजू होणार म्हटलं तर म्हणाले, या म्हणावं, पण खुर्ची चढणार कशी? म्हणून मोजून घेतलं. वर्गाचं दार तीस इंच आहे, खुर्ची पंचवीस. जाते. वऱ्हांड्याला तीन पायऱ्या, अठरा इंच उंची. मी उतार धरला बारा फुटांचा."

पद्मिनीनं कागद बघितला. "बारा कसा धरलास?"

"पुढं झेंड्याचा खांब आहे ना. तेवढीच जागा आहे."

"दीड फूट उंचीला बारा फूट म्हणजे एकास आठ. मी मागं उलटी पडेन दादा. एकास बारा लागतं. अठरा फूट."

"अठरा बसत नाही."

"मग वळव."

शरदचंद्रानं कागद पाहिला, तोंडातल्या तोंडात काही मोजलं. "नऊ फूट सरळ, मग एक सपाट टप्पा, मग नऊ फूट परत," तो म्हणाला. "हो, बसते. खांबाच्या अलीकडूनच वळते." सात वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या खोलीत असा निवांत बसला होता. त्याला मोजता येईल असं काही तरी सापडलं होतं. "राहायचं बेल्याला काकाजींकडं. त्यांच्या घराला एकच पायरी आहे, ती मी फोडून टाकतो."

"जूनचा फोटो वाईट आला तर?"

"तर उतार दुसऱ्या कुणाच्या कामी येईल," तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं जरा ओशाळला.

दाराशी हालचाल झाली. आई ताट घेऊन उभी होती. आज ताट तिच्याच हातात होतं, मास्क नीट नाकावर होता. ती पद्मिनीकडे बघत नव्हती, शरदचंद्राच्या हातातल्या कागदाकडे बघत होती.

"त्याले कठडा हाय का?" तिनं विचारलं.

"कठडा कशाला? खुर्ची ढकलायची असते ना आई."

"पद्मिनीसाठी नाई म्हणून राह्यली मी." कौशल्याबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. "बेल्याले ढकलणार कोण हाय तिले? विनोदिनी काय घर सोडून येईन? मीच ढकलीन. माह्ये गुडघे पाह्यले नाई का तू. मले धराले काई तरी पाह्यजे. दोन्हीकून लाव."

शरदचंद्रानं कागद मांडीवर घेतला आणि दोन्ही बाजूंना रेघा ओढल्या.